आवाज क्रमांक पाच

पोर्ट मारी, केप ब्रेटन, कॅनडा
रविवार, ६ ऑक्टोबर २०१३

प्रिय इलेर,

मी बरी आहे. तूही बरा असशील आणि जेवण निदान कोमट तरी मिळत असेल असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. हे माझं चौथं पत्र. आधीची तीन परत आली नाहीत, म्हणजे तू ती घेतलीस. वाचलीस की नाही ते तुलाच ठाऊक.

आधी चांगली बातमी. वॉल्थमला रोझालीच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. फोटो सोबत ठेवलाय. हनुवटी थेट तुझी, बिचारी. रोझाली फोनवर रडली थोडी. म्हणाली, "आत्या, पप्पा सुटले तरी इकडे येऊ शकणार नाहीत ना?" मी म्हटलं, "नाही गं. या गुन्ह्याची शिक्षा झालेल्याला अमेरिकेच्या सरहद्दीवरूनच परत धाडतात." तर म्हणाली, "मग ही चालायला लागली की मीच घेऊन येते." तेव्हा ती एक काळजी मनातून काढून टाक.

परवा डोंगरावरून सुएत वारा सुटला आणि विल्फ्रेडच्या कोठाराचं अर्धं छप्पर समुद्रात गेलं. घरकैदेत असल्यामुळे तो बिचारा कुंपणापर्यंत येऊन नुसता बघत उभा. मी गाडी थांबवून विचारलं, "कुणाला पाठवू का मदतीला?" तो म्हणाला, "नको बाई. तू केलीस तेवढी मदत पुरे."

बोलतात लोक. बोलू देत. दंड भरायला आपले दोन्ही टँकर विकले, ते तुला वकिलाने सांगितलं असेलच. आता गिऱ्हाइकांचा सामुदायिक दावा आलाय. २००८ पासून ज्याने ज्याने आपल्याकडून, विल्फ्रेडकडून किंवा मर्डोककडून घर गरम ठेवायच्या भट्टीसाठी तेल घेतलं, त्या सगळ्यांचा. चर्चच्या तळघरात बायका चहा घेत फॉर्म भरत होत्या. फ्लॉरेन्सने माझ्याचकडे पेन मागितलं. मी दिलं.

झाबेत मावशीच्या घरी दर शनिवारी जाते. पाइप गोठायला नकोत म्हणून भट्टी चालू ठेवलीय. तिचं दफन झालं त्याच आठवड्यात मी टाकी काठोकाठ भरली होती, आठवतं? इलेर, अडीच वर्षं झाली. काटा अजून तिथेच आहे. मी आपल्या इथल्या सिडनीहून मेकॅनिक आणला. तो म्हणाला, "काटा ठीक आहे, टाकी खरोखरच भरलेली आहे. भट्टीही पेटतेय." मग तो हातावर फुंकर मारत म्हणाला, "पण बाई, तुम्ही इथे राहत नाही ते बरंय." त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. खोलीतला तापमानाचा काटा मात्र वीस अंशांवर होता.

असो. जुनं घर आहे.

मर्डोक मॅकॅस्किलचा खटला अठरा नोव्हेंबरला सिडनीत उभा राहतोय. तू आणि विल्फ्रेडने गुन्हा कबूल केलात, म्हातारा मात्र अडून बसलाय. सगळीकडे सांगत फिरतो, "तीन शेजारी फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारतात, त्याला संगनमत म्हणतात?" त्याच्याविरुद्ध बोलणारी मुख्य साक्षीदार मीच. त्यासाठी सरकारी वकील ट्रेनहोमबाईंनी मला टेप ऐकायला बोलावलं होतं. व्यापारातल्या संगनमतावर नजर ठेवणाऱ्या सरकारी स्पर्धा कार्यालयाने आपले फोन टॅप केले तेव्हाच्या टेप, चाळीसेक असतील. प्रत्येक आवाज कुणाचा ते ओळखून सांगायचं. एक म्हणजे मर्डोक, दोन विल्फ्रेड, तीन तू, चार मी.

आपलेच आवाज ऐकणं फार विचित्र असतं रे. आपण किती हसायचो! भाव ठरवताना इतकं हसायचो, हे मला आठवतच नव्हतं.

एका टेपवर आणखी एक आवाज आहे. कागदावर त्याला 'आवाज क्रमांक पाच' म्हटलंय. ट्रेनहोमबाईंनी विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हटलं, ठाऊक नाही.

गरम कपडे पाठवू देतात का ते कळव. मोजे विणून तयार आहेत.

तुझी,
एदमे


पोर्ट मारी
रविवार, ३ नोव्हेंबर २०१३

प्रिय इलेर,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ, पण तुझ्या हातची. 'पाचवा आवाज कुणाचा?' बाकी तब्येत, मोजे, नात, काही नाही. म्हणजे पत्रं वाचतोस तर.

सांगते. पण ज्या क्रमाने मला कळलं त्याच क्रमाने सांगू दे, नाहीतर तू म्हणशील, म्हातारीचं डोकं फिरलं.

मागच्या बुधवारी ट्रेनहोमबाईंनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी आवाज नरम नव्हता. म्हणाल्या, "मिस शियासाँ, तुम्ही माफीच्या साक्षीदार आहात. सगळ्यांत आधी तुम्ही आलात, म्हणून तुमच्यावर खटला नाही. पण ती माफी फुकटची नव्हे. तुम्ही सगळं सांगायचं, खरं सांगायचं, हीच तिची अट. या टेपची प्रत मर्डोकच्या वकिलाकडेही गेलीय. तो कोर्टात म्हणणार, ही बाई कुणाला तरी लपवतेय. चौथा कुणी भागीदार होता का?"

"नाही."

"मग ही मिमी कोण?"

इलेर, मी खुर्चीचा हात धरला.

त्यांनी टेप लावली. मंगळवार, २९ मार्च २०११, सकाळचे दहा. मर्डोक म्हणतोय, "सोमवारपासून चार सेंट वर, सगळ्यांनी एकदम, आणि दोनशे लिटरच्या खाली कुणाच्या दारात गाडी नाही, तो नियम तसाच." मी म्हणतेय, "इलेरला सांगते." आणि मग मागून, दारापाशी उभं राहून कुणीतरी बोलावं तसं:

"आज भाव काय आहे गं, मिमी? शंभर लिटर चालतील का?"

मला मिमी म्हणणारं माणूस जगात एकच होतं, हे तुला सांगायला नको. आई गेल्यावर जिने आपल्याला वाढवलं, तुला पहिली होडी घेऊन दिली, तिचा आवाज मी ओळखणार नाही? तो कफाचा खरखराट, आणि 'चालतील का'वर आवाज वर नेण्याची ती सवय.

आता तारीख बघ. तू फावडं घेऊन तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायला गेलास आणि ती स्वयंपाकघरात कोट घालून, हातमोजे घालून, ओव्हनचं दार उघडं टाकून बसलेली तुला दिसली, तो दिवस ११ फेब्रुवारी. मी ओटावाला स्पर्धा कार्यालयात फोन केला फेब्रुवारीच्या शेवटी. त्यानंतर त्यांनी न्यायाधीशाची परवानगी घेतली, त्यानंतर फोनवर यंत्र बसलं. ती गेली म्हणून मी फोन केला, इलेर. मी फोन केला म्हणून टेप झाली. मग टेपवर ती कशी?

त्या सकाळी मी ऑफिसात एकटी होते. तपास अधिकाऱ्यांनी बजावलं होतं, नेहमीसारखं बोलत राहा, कुणाला शंका येऊ देऊ नका. मी सारखी दाराकडे बघत होते, म्हणून मला पक्कं आठवतं. दार उघडलं नाही. घंटा वाजली नाही. मला काही ऐकूही आलं नव्हतं.

मी ट्रेनहोमबाईंना विचारलं, "दुसऱ्या कुठल्या फोनची सरमिसळ झाली असेल का?"

"आमच्या तंत्रज्ञाने तपासलंय. आवाज तुमच्याच फोनमधून आलाय. बोलणारी तुमच्या टेबलापासून सातआठ फुटांवर आहे." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. ज्या टायपिस्टने ओटावात बसून हे उतरवून काढलं, जिने पोर्ट मारी नकाशावरही बघितलं नसेल, तिने कंसात लिहिलं होतं: 'वृद्ध स्त्री. थंडीने दात वाजत असावेत.'

मी पुन्हा म्हटलं, ठाऊक नाही.

दुसरं काय म्हणणार होते? खरं सांगितलं तर वेडी साक्षीदार, मर्डोक सुटला. नाही सांगितलं तर खोटी साक्षीदार, माझी माफी गेली, आणि माझ्याच कबुलीवर मलाच उभं करतील. ट्रेनहोमबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. जाताना म्हणाल्या, "विचार करा. अजून अडीच आठवडे आहेत."

मी दारातून परत फिरले. म्हटलं, "एक विचारू? या खटल्यात कुणाचं काय नुकसान झालं, ते कुठे येणार आहे का? एखाद्या घरी तेल नव्हतं, वगैरे?"

"ते सिद्ध करायची आम्हाला गरज नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांनी आपसांत स्पर्धा करायची त्यांनीच मिळून भाव ठरवला, तिथेच गुन्हा पुरा होतो. कोण होरपळलं, कोण गारठलं, हे विचारायचं कारणच नाही."

बाहेर आले तर ऊन होतं, पण मला गाडीपर्यंत हुडहुडी भरली होती.

तू एकदा मला विचारलं होतंस, दफनाहून येताना, गाडीत. "तिने तेल का नाही मागवलं गं?" मी म्हटलं होतं, "विसरली असेल." डॉक्टरनेही हृदय बंद पडलं म्हणून लिहिलं. सगळं गाव म्हणालं, म्हातारी विसरली. तू मात्र किती दिवस स्वतःलाच दोष देत होतास, की मीच टाकी बघायला हवी होती.

त्याबद्दल पुढच्या वेळी लिहीन. आज नाही जमत.

एदमे


पोर्ट मारी
रविवार, २४ नोव्हेंबर २०१३

इलेर,

खटला संपला. अठरा तारखेला सुरू झाला आणि वीसला संपला. पेपरात जे आलंय त्यावर जाऊ नकोस. मी तिथे होते, मी सांगते.

मला बुधवारी सकाळी उभं केलं. बायबलवर हात ठेवला. ट्रेनहोमबाईंनी कंपनीबद्दल विचारलं, मंगळवारच्या फोनबद्दल विचारलं, ते सगळं नीट झालं. मर्डोक समोर बसला होता, चर्चला जायचा कोट घालून, हात मांडीवर. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मग त्याचा वकील उठला. हॅलिफॅक्सचा आहे, गोड बोलणारा.

"मिस शियासाँ, तुमचे भाऊ तुरुंगात आहेत आणि तुम्ही घरी. बरोबर?"

"बरोबर."

"आणि घरी राहायचं तर सरकारला सगळं खरं सांगायचं, असा तुमचा करार आहे?"

"हो."

"मग ही टेप ऐकूया."

ज्युरीतल्या बारा जणांनी ऐकली. लिपिक मुलीने ऐकली. न्यायाधीशांनी चष्मा काढून ऐकली. 'आज भाव काय आहे गं, मिमी? शंभर लिटर चालतील का?' पुढच्या रांगेत बसलेली एक बाई नकळत शाल ओढून घेताना मी पाहिली.

"ही कोण बोलतेय?"

मी खरं सांगायचं ठरवलं. सरकारसाठी नाही, माफीसाठी नाही. पण ती तिथे त्या खोलीत बोलली होती, आणि मी तिला तिसऱ्यांदा 'ठाऊक नाही' म्हणणार होते, ते मला झेपेना.

"माझी मावशी," मी म्हटलं. "एलिझाबेथ लफोर. सगळे झाबेत म्हणायचे."

"अच्छा! म्हणजे त्याही या बोलण्यात सामील होत्या?"

"नाही. त्या गिऱ्हाईक होत्या."

"मग सरकारपासून त्यांचं नाव का लपवलंत? त्यांना बोलवायचं का साक्षीला?"

"त्या वारल्या."

"कधी?"

"या टेपच्या आधी," मी म्हटलं. "साडेसहा आठवडे आधी."

मागे कुणीतरी हसलं. वकिलानेही ज्युरीकडे बघून हात पसरले, बघा, ही तुमची साक्षीदार. ट्रेनहोमबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, म्हातारा सुटला आणि मी गेले.

तेवढ्यात मर्डोक उभा राहिला.

"खाली बसा, मिस्टर मॅकॅस्किल," न्यायाधीश म्हणाले. तो बसेना. त्याचा वकील बाही ओढत होता. मर्डोकने त्याचा हात काढून टाकला, माशी झटकावी तसा.

"हसताय कशाला?" तो मागे वळून म्हणाला. "ती झाबेतच आहे. मी तिला दोनदा ऐकलंय. एकदा जानेवारीत, ती जिवंत होती तेव्हा. दुसऱ्यांदा मार्चमध्ये. तेच शब्द. फोन हातात होता माझ्या. मी फोन ठेवला, ट्रक काढला, शंभर लिटर घेऊन तिच्या दारापर्यंत गेलो, आणि दार ठोठावताना मला आठवलं की हिला आपण खांदा दिलाय."

न्यायाधीशांनी ज्युरीला बाहेर पाठवलं. मर्डोक म्हणाला, "मला हा खटला नको. मी केलंय ते. लिहून घ्या." वकील कानाशी लागला, अजून जिंकता येईल वगैरे. मर्डोक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जिंकून जाऊ कुठे? घरीच ना? घरी थंडी आहे."

दुपारी त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा जानेवारीत सुनावतील. वय ऐंशीच्या घरात, तरी ट्रेनहोमबाई म्हणतात, आत जावं लागेल.

माझंही सांगते. मी दोनदा 'ठाऊक नाही' म्हटलं हे ट्रेनहोमबाईंना वर कळवावंच लागलं. शुक्रवारी फोन आला. शेवटी शपथेवर खरं सांगितलं, म्हणून माझी माफी कायम. मी आभार मानले. फोन ठेवला आणि तिथेच, त्याच टेबलाशी, संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

आता ते जानेवारीचं.

मंगळवार होता. तू गोदीवर गेला होतास. मी मर्डोकशी फोनवर होते. घंटा वाजली आणि मावशी आत आली, बर्फाने भरलेली, चालत. तिने दारातूनच विचारलं. टेपवर आहे तेच, शब्दाशब्दाने तेच. तिच्याकडे दोनशे लिटरचे पैसे नव्हते, हे मला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं. आणि तुला ठाऊक आहे ती कशी. ती फुकट काही घेणार नव्हती, मी उधारही म्हटलं नाही.

इलेर, दोनशेचा तो नियम तुझ्या नावावर लिहिला गेला. न्यायाधीशांनी तुला शिक्षा देताना तो वाचून दाखवला. तो तुझा नव्हता. तो मी सुचवला होता. लहान फेऱ्यांचा मला कंटाळा आला होता, एवढंच कारण. मर्डोक आणि विल्फ्रेड हो म्हणाले, आणि तू म्हणालास, "म्हाताऱ्या माणसांचं काय?" मी म्हटलं, "अरे, सगळ्यांनीच केलं तर कुठे जातील?"

हे मी सरकारलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, आणि तू कोर्टात तोंड उघडलं नाहीस. तू मला वाचवतोयस हे मला कळत होतं. मी वाचले. काल ट्रेनहोमबाईंना तेही लिहून पाठवलंय. त्याने काय व्हायचं ते होऊ दे.

पण जे कुठल्याच कागदावर येणार नाही ते हे: मावशी दारात होती तेव्हा मी फोनवर हात ठेवू शकले असते. एरवी गिऱ्हाईक आलं की ठेवायचेच. त्या दिवशी ठेवला नाही. मुद्दाम. शियासाँकडे घरच्यांनाही नियम मोडून मिळत नाही, हे मर्डोकला ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "नाही चालत, मावशी. दोनशेच्या खाली गाडी जात नाही. सगळीकडे तसंच आहे."

ती म्हणाली, "बरं, बाळा. मग आज नको."

आणि दार नीट लावून गेली, वारा आत येऊ नये म्हणून.

पलीकडून मर्डोक म्हणाला, "हं. कुठे होतो आपण?"

ती विसरली नव्हती, इलेर. तुझं टाकी बघायचं राहिलं म्हणून काही झालं नाही. तिने मागितलं होतं. हे मी तुला गाडीत सांगायला हवं होतं, तू स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होतास तेव्हा.

ओटावाला मी फोन केला त्यात शौर्य नव्हतं. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना ओढून नेलं की ते ओझं माझ्या एकटीचं राहणार नाही. माफी पहिल्या येणाऱ्याला मिळते हे मी आधी विचारून घेतलं होतं, हेही तुला कळलेलं बरं.

तू सतरा जानेवारीला सुटणार असं कळलं. मी सकाळी आठपासून फाटकाबाहेर असेन. गाडीत बसावंसं वाटलं नाही तर बसू नकोस. तू चाल, मी हळूहळू मागून येईन. बस स्टॉपपर्यंत, किंवा तुझा राग पुरेल तिथपर्यंत.

तुला पकडून देणारी, आणि तू वाचवलेली,
तुझी बहीण
एदमे